टीका धर्मावर, घाव कोणावर?

दोन तक्रारी आपल्या कानावर सतत पडतात. पहिली अशी, की इस्लामवर बोलण्याची कोणाची छाती होत नाही. कोणी बोललाच तर एक तर ते त्याच्या जिवावर बेतते, नाही तर त्याच्यावर मुस्लिमद्वेष्टा असा शिक्का बसतो. दुसरी नेमकी उलटी : मुसलमानांच्या धर्माला कोणीही उठून नावे ठेवतो, पण ज्यूंविषयी ब्र काढला की युरोपात माणसाची नोकरी जाते. तक्रार करणारे आपापली उदाहरणे देतात आणि गंमत म्हणजे ती बहुतेक वेळा खरी असतात. जानेवारी २०१५मध्ये 'शार्ली एब्दो' या फ्रेंच व्यंगसाप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला करून बंदूकधाऱ्यांनी बारा जणांना ठार मारले, कारण त्याने पैगंबरांची व्यंगचित्रे छापली होती. त्याच साप्ताहिकाने २००८ साली सिने या आपल्याच जुन्या व्यंगचित्रकाराला काढून टाकले होते, कारण त्याच्या एका मजकुरात ज्यूद्वेष दिसतो असा आक्षेप आला होता. मग झुकते माप नेमके कोणाला?

अशी मोजदाद करत बसले की वाद कधीच मिटत नाही, कारण उदाहरणांचा साठा दोन्हीकडे भरपूर आहे. त्यापेक्षा धर्मावरची टीका चालते कशी हे पाहिले तर बरेच काही उलगडते. माझे म्हणणे थोडक्यात असे : ज्यू धर्मावरची टीका आणि इस्लामवरची टीका यांतल्या फरकाचे मूळ धर्मग्रंथांत फारसे सापडत नाही. टीका कोण करतो, कोठून करतो आणि त्या वेळी सत्ता कोणाच्या हाती असते, यात ते सापडते. आणि टीका कितीही बोचरी असली तरी तेवढ्याने ती द्वेष ठरत नाही. ग्रंथातल्या वचनावरून ती जिवंत माणसाचा निवाडा करू लागली, की ठरते.

एकाच घडणीचे दोन धर्म

हे दोन धर्म बातम्यांत एकमेकांचे वैरी म्हणून भेटतात, त्यामुळे त्यांची घडण किती सारखी आहे हे लक्षात येत नाही. ख्रिस्ती धर्मात श्रद्धा काय असावी यावर मोठा भर आहे. या दोन धर्मांत आचार कसा असावा यावर. ज्यूंच्या धर्मनियमांना हलाखा म्हणतात, मुसलमानांच्या धर्मनियमांना शरियत. काय खावे, प्रार्थना केव्हा करावी, लग्न कसे लावावे, काडीमोड कसा घ्यावा, प्रेत कसे पुरावे, या सगळ्याला नियम आहेत. साऱ्या अनुयायांवर हुकूम चालवणारा पोपसारखा एकच धर्मगुरू ज्यूंना नाही, मुसलमानांतल्या बहुसंख्य सुन्नींनाही नाही. अडचण आली की माणूस जाणकाराला विचारतो, जाणकार ग्रंथ पाहून मत देतो, आणि दुसऱ्या गावचा जाणकार वेगळे मत देऊ शकतो. रब्बीचे असे लेखी उत्तर आणि मुफ्तीचा फतवा या जवळजवळ एकाच जातीच्या गोष्टी आहेत. मूर्ती दोघांनाही वर्ज्य, डुकराचे मांस दोघांनाही निषिद्ध, मुलग्यांची सुंता दोघांकडेही.

याचा अर्थ असा, की एकाच्या आचारावर घेतलेला आक्षेप बहुधा दुसऱ्यालाही लागू पडतो. म्हणून तुलनेसाठी आपल्याला आयती कसोटी मिळते. जिथे रिवाज एकच आहे आणि आक्षेपही एकच, तिथे वेगवेगळ्या काळात आणि देशांत तो कोणावर रोखला गेला, हे पाहता येते.

सुंता, कत्तलखाना आणि न्यायालये

जर्मनीतल्या कोलोन शहरात एका डॉक्टरने चार वर्षांच्या मुसलमान मुलाची सुंता केली. नंतर रक्तस्राव सुरू झाला, मुलाला रुग्णालयात न्यावे लागले आणि प्रकरण न्यायालयात गेले. ७ मे २०१२ रोजी तिथल्या न्यायालयाने म्हटले, की वैद्यकीय गरज नसताना केवळ धर्मासाठी अजाण मुलाची सुंता करणे म्हणजे त्याला शारीरिक इजा करणे होय. कायदा तोवर संदिग्ध असल्यामुळे डॉक्टर निर्दोष सुटला. खटला मुसलमान मुलाचा होता, पण हादरे ज्यू समाजालाही तितकेच बसले, कारण त्यांच्याकडे मुलग्याची सुंता आठव्या दिवशी करायची असते आणि ती देवाशी झालेल्या कराराची खूण मानतात. ज्या देशाने सत्तर वर्षांपूर्वी ज्यूंचा संहार केला, त्याच देशातले न्यायालय आता त्यांचा मूलभूत विधी गुन्हा ठरवत होते. ज्यू आणि मुस्लिम संघटनांनी मिळून निषेध केला. १२ डिसेंबर २०१२ रोजी जर्मन संसदेने काही अटींवर सुंतेला परवानगी देणारा कायदा संमत केला. आक्षेप फक्त मुसलमानांना लागू झाला असता, तर संसद सात महिन्यांत हलली असती का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मुलाच्या शरीरावर निर्णय घेण्याचा हक्क आई-वडिलांना कितपत असावा, हा प्रश्न खोटा किंवा द्वेषातून उपजलेला नव्हता. तो विचारणाऱ्यांत डॉक्टर होते, कायद्याचे अभ्यासक होते. ती एका रिवाजावरची टीका होती आणि तिला उत्तर देता येत होते. उत्तर दिलेही गेले.

कत्तलखान्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. स्वित्झर्लंडमध्ये जनतेला सह्या गोळा करून राज्यघटनेत दुरुस्ती सुचवण्याचा हक्क मिळाल्यावर त्या मार्गाने आलेला पहिलाच प्रस्ताव जनावराला भूल न देता कापण्यावर बंदी घालण्याचा होता. २० ऑगस्ट १८९३ रोजी तो लोकमताने मंजूर झाला. भाषा प्राणिदयेची होती, पण त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये अशा पद्धतीने जनावर कापणारे म्हणजे ज्यू, हे सर्वांना ठाऊक होते, आणि प्रचारात ज्यूविरोध उघड होता. एप्रिल १९३३मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यावर तीन महिन्यांत, जर्मनीने हीच बंदी घातली. एकविसाव्या शतकात विषय पुन्हा वर आला तेव्हा चर्चेतला शब्द 'हलाल' होता आणि डोळ्यांसमोर होते स्थलांतरित मुसलमान. बेल्जियममधल्या फ्लँडर्स प्रांताने २०१९च्या सुरुवातीला आणि वालोनियाने त्याच वर्षी सप्टेंबरात भूल न देता कापण्यावर बंदी आणली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये अशी बंदी वैध ठरवली; मानवी हक्क न्यायालयानेही फेब्रुवारी २०२४मध्ये तिला हरकत घेतली नाही. त्या दाव्यांत ज्यू आणि मुसलमान दोघेही एका बाजूला उभे होते.

म्हणजे नियम तोच, पद्धत तीच. सव्वाशे वर्षांत बदलला तो आरोपी. आणि प्राणिदयेचा मुद्दा १८९३ सालीही पूर्ण पोकळ नव्हता, आजही नाही. प्रामाणिक आक्षेपाच्या आडून कोणाला तरी देशाबाहेर हाकलण्याची इच्छा वाट काढू शकते, हे या प्रकरणातून दिसते. ती इच्छा ओळखायची कशी? एक खूण अशी, की आक्षेप घेणारा शिकार, पिंजऱ्यातली कुक्कुटपालन केंद्रे आणि जनावरांची लांब पल्ल्याची वाहतूक यांबद्दल तितकाच अस्वस्थ असतो का, ते पाहावे.

चौकट : शेखिता, जबीहा आणि भूल
ज्यू पद्धतीला शेखिता म्हणतात. खास शिक्षण घेतलेला माणूस अतिशय धारदार, खाच नसलेल्या सुरीने एका सलग कृतीत गळा कापतो. मुसलमानांची जबीहा पद्धत बरीचशी तशीच आहे. त्यात अल्लाचे नाव घेणे आवश्यक मानतात. दोन्हींत रक्त वाहून जाऊ देणे महत्त्वाचे. जनावर आधी बेशुद्ध करण्याबाबत मात्र फरक आहे. जनावर पुन्हा शुद्धीवर येऊ शकेल अशी विजेची सौम्य भूल अनेक मुस्लिम धर्मपंडितांना चालते. न्यूझीलंडमधून निर्यात होणारे हलाल मांस अशाच पद्धतीचे असते. सनातनी रब्बींना आधी दिलेली भूल सहसा मान्य नसते. त्यामुळे 'हलाल'विरोधी प्रचारातून आलेल्या बंदीचा फटका पुष्कळदा ज्यूंनाच अधिक बसतो.

वचनावरून माणसाकडे

आता या सगळ्यातली कळ कुठे आहे ते पाहू. रिवाजावर टीका करणे एक, ग्रंथावर टीका करणे दुसरे, आणि ग्रंथ हातात घेऊन माणसावर खटला चालवणे तिसरे. हा तिसरा प्रकार तीन टप्प्यांनी घडतो. आधी ग्रंथातले एक कठोर वचन निवडायचे. मग ते प्रत्येक अनुयायाचे आजचे मत आहे असे धरायचे. आणि एखादा अनुयायी म्हणाला, की आम्ही ते वचन तसे वाचत नाही, तर त्याचे म्हणणेच खोटे ठरवायचे. पहिल्या दोन टप्प्यांना उत्तर देता येते. तिसऱ्याला देता येत नाही, कारण तिथे उत्तर हाच गुन्ह्याचा पुरावा होतो.

एखाद्या गृहनिर्माण सोसायटीची उदाहरण म्हणून कल्पना करा. पन्नास वर्षांपूर्वीच्या पोटनियमांत माणुसकीला न शोभणारे एक कलम आहे. ते कलम वाचून 'हे रद्द करा' म्हणणे ही टीका झाली. 'तुमच्यापैकी कोण ते पाळतो?' असे विचारणेही टीकाच. पण त्या कलमावरून प्रत्येक रहिवाशाला माणूसघाणा ठरवायचे, आणि एखादी बाई म्हणाली की आम्ही तर ते कधीच पाळले नाही, तर 'त्यांच्या नियमातच खोटे बोला असे लिहिले आहे' असे सांगायचे, हे टीकेच्या पलीकडचे आहे. तिथे नियम बदलूनही उपयोग नसतो.

ज्यूंच्या बाबतीत ही पद्धत युरोपात शतकानुशतके वापरली गेली. १२४० साली पॅरिसमध्ये तलमूद या ग्रंथावर जाहीर खटला भरला. आरोप ठेवणारा निकोलस दोनँ हा स्वतः ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेला होता, बचाव करत होते रब्बी यखिएल. तलमूदमध्ये ख्रिस्त्यांविरुद्ध वचने आहेत असा आरोप होता. रब्बींचे म्हणणे, की ती प्राचीन मूर्तिपूजकांविषयी आहेत. निकाल आधीच ठरल्यासारखा होता. १२४२ साली गाड्या भरभरून हस्तलिखिते पॅरिसमध्ये जाळली गेली. पुढे १७०० साली आयझेनमेंगर या जर्मन विद्वानाने ज्यूंचे 'पितळ उघडे पाडणारा' जाडजूड ग्रंथ छापला. त्याला हिब्रू उत्तम येत होते, उतारे बहुतेक खरे होते. मात्र संदर्भ काढून टाकलेले होते आणि त्यांतून निघणारा निष्कर्ष आजच्या शेजाऱ्यावर लादलेला होता. एकोणिसाव्या शतकातल्या ज्यूद्वेष्ट्यांनी त्याच ग्रंथातून सामग्री उचलली.

तिसरा टप्पा, म्हणजे उत्तर खोटे ठरवणे, त्यासाठी एक प्रार्थना हाताशी होती. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाची सुरुवात ज्या पठणाने होते त्याला कोल निद्रे म्हणतात. त्यात माणूस देवापुढे केलेली, पण पाळता न आलेली व्रते रद्द ठरवतो. माणसामाणसातले करार किंवा न्यायालयातली शपथ यांच्याशी तिचा संबंध नाही, असे रब्बी परोपरीने सांगत आले. तरी 'ज्यूच्या शपथेवर विश्वास ठेवता येत नाही' याचा पुरावा म्हणून तिच्याकडे बोट दाखवले गेले. युरोपातल्या अनेक न्यायालयांत ज्यू साक्षीदाराला वेगळी, मुद्दाम मानहानीकारक शपथ घ्यावी लागे; फ्रान्समध्ये ती १८४६ साली बंद झाली. वैतागून १८४४ साली ब्रुन्सविक इथे भरलेल्या सुधारणावादी रब्बींच्या परिषदेने हे पठणच गाळावे अशी शिफारस केली.

आज इस्लामच्या संदर्भात तीच जागा 'तकिया' या शब्दाने घेतली आहे. जिवावर संकट आले तर श्रद्धा लपवण्याची मुभा, असा त्याचा अर्थ. तिचा विस्तार मुख्यतः शिया परंपरेत झाला, कारण सुन्नी सत्ताधीशांच्या राज्यात अल्पसंख्य म्हणून राहण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. समाजमाध्यमांवर मात्र तो शब्द सर्व मुसलमानांना, सर्व प्रसंगांत खोटे बोलण्याचा परवाना म्हणून फिरतो. एखादा मुसलमान लोकशाहीच्या बाजूने बोलला की 'हा तकिया आहे' म्हणून विषय संपतो. कोल निद्रेचे नाव काढून टाकले आणि तकिया घातले, तर सतराव्या-अठराव्या शतकातली पाने आज जशीच्या तशी छापता येतील. श्रद्धा लपवण्याची वेळ या दोन्ही समाजांवर एकाच देशात आली होती, हेही इथे सांगण्यासारखे आहे. स्पेनने १४९२ साली ज्यूंना बाटा नाहीतर चालते व्हा असे फर्मावले आणि १५०२ साली कॅस्टीलमधल्या मुसलमानांपुढे तोच पर्याय ठेवला. बाटलेल्यांवर मग एकच धर्मन्यायालय पाळत ठेवत असे : कोण शनिवारी चूल पेटवत नाही, कोण डुकराचे मांस टाळतो.

ग्रंथाची कठोर चिकित्सा करूनही हा सापळा टाळता येतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे इग्नाझ गोल्डझिहर. हंगेरीतल्या या ज्यू विद्वानाने १८९० साली दाखवून दिले, की पैगंबरांच्या नावावरच्या अनेक हदीस नंतरच्या काळातल्या राजकीय आणि धार्मिक वादांतून तयार झालेल्या आहेत. धर्मनिष्ठ मुसलमानाला याहून बोचरा निष्कर्ष कोणता? पण तरुणपणी कैरोच्या अल-अझहरमध्ये शिकलेल्या गोल्डझिहरला मुसलमान माणसांविषयी मनापासून आदर होता. त्याची टीका इतिहासाच्या पुराव्यावर उभी होती. ती खोडून काढायला कोणताही मुसलमान विद्वान मोकळा होता, आणि अनेकांनी तसा प्रयत्नही केला.

ज्यू धर्मावरची टीका घरात कशी गेली

ज्यू धर्मावर आज बाहेरच्यांकडून फारशी टीका होताना दिसत नाही, पण याचा अर्थ टीका संपली असा नाही. ती घरात गेली. २७ जुलै १६५६ रोजी ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने तेवीस वर्षांच्या बारूख स्पिनोझाला बहिष्कृत केले. १६७० साली त्याने निनावी छापलेल्या ग्रंथात तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचा लेखक मोझेस असू शकत नाही आणि त्यातला कायदा एका प्राचीन राज्यापुरता होता, असे मांडले. त्याच्यावर रब्बींचा राग होता, पण त्यांच्याकडे ना तुरुंग होता ना फौज. जास्तीत जास्त ते वाळीत टाकू शकत होते. पुस्तकावर बंदी घातली ती हॉलंडच्या ख्रिस्ती सरकारने. पुढे मोझेस मेंडेल्सोनने धर्माला दंडशक्ती असूच नये असा युक्तिवाद केला, अब्राहम गायगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुधारणावादी पंथ उभा केला. बापजाद्यांच्या धर्माची चिरफाड ज्यूंनीच केली, आणि ती ग्रंथालयांत मावली.

मग हिटलरचा काळ आला. साठ लाख ज्यूंच्या हत्येनंतर युरोपला जाणवले, की बाहेरून केलेल्या टीकेची परंपरा कुठे नेऊन पोहोचवते. १९६५ साली कॅथलिक चर्चने जाहीर केले, की येशूच्या मृत्यूचा दोष साऱ्या ज्यूंवर ठेवता येणार नाही. तलमूदमधले उतारे काढून भाषण देणे सभ्य समाजात अशक्य झाले. ज्यू धर्माला मिळालेले 'संरक्षण' म्हणतात ते हेच; ते फार मोठी किंमत मोजून आलेले आहे.

१९४८ साली इस्रायल झाले आणि धर्मनियमांच्या हाती, मर्यादित का होईना, सत्ता आली. ज्यूंचे लग्न आणि घटस्फोट तिथे रब्बींच्या न्यायालयांकडे आहेत. सत्ता येताच टीकाही आली, आणि तिचा एक धडा थेट महाराष्ट्राशी जोडलेला आहे. कोकणातल्या अलिबाग परिसरातून गेलेले मराठीभाषक बेने इस्रायल, आपल्याकडचे शनवार तेली, तिथे पोहोचले, तेव्हा १९६०च्या सुमारास रब्बींच्या धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली. त्यांच्यापैकी कोणाचे इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करावी असे निर्देश निघाले. शतकानुशतके सुंता आणि शब्बाथ पाळत आलेल्या लोकांना हा अपमान होता. त्यांनी धरणे धरले, १९६४ साली प्रकरण संसदेत गेले, सरकारने त्यांच्या बाजूने ठराव मांडला आणि धर्मपीठाला निर्देशांतून बेने इस्रायल हे नाव काढावे लागले. रब्बींवर झालेली ती कडक टीका होती. तिला ज्यूद्वेष कोणी म्हटले नाही.

इस्लामची अडचण सत्तेची

इस्लामच्या बाबतीत पट उलटा मांडलेला आहे. जगात ज्यू आहेत सुमारे दीड कोटी, मुसलमान दोनशे कोटींच्या आसपास. ज्यू राष्ट्र एक; इस्लामी सहकार्य संघटनेचे सदस्य देश ५७. त्यांतल्या अनेकांत शरियतीचा काही भाग कायद्याचे रूप घेऊन उभा आहे, आणि धर्मनिंदेला शिक्षा आहे. पाकिस्तानने १९८०च्या दशकात दंडसंहितेत २९५-ब आणि २९५-क ही कलमे घातली; दुसऱ्यात मृत्युदंड आहे. त्यामुळे स्पिनोझाने जे केले ते करणाऱ्या मुसलमानाची वाट बिकट होते. सुदानच्या महमूद मोहम्मद ताहा यांनी म्हटले, की कुराणातली मक्केतली वचने शाश्वत आहेत आणि मदिनेतले नियम त्या काळापुरते होते. १८ जानेवारी १९८५ रोजी खार्तूममध्ये त्यांना फाशी दिले. इजिप्तचे नस्र हमीद अबू झैद यांनी कुराणाचा भाषिक अभ्यास केला. १९९५ साली न्यायालयाने त्यांना धर्मबाह्य ठरवून त्यांचे लग्न रद्द केले, आणि पती-पत्नी दोघांना नेदरलँड्स गाठावे लागले.

ताहा आणि अबू झैद यांची टीका श्रद्धाळू मुसलमानाची होती, हे लक्षात घ्या. पण ती मायदेशी दाबली गेली, म्हणून जगाच्या कानावर पडते ती मुख्यतः परदेशातून आलेली टीका, आणि तिथे ती युरोपातल्या स्थलांतरितविरोधी राजकारणाच्या हाती लागते. घरातला टीकाकार गप्प, बाहेरचा टीकाकार कर्कश, आणि ती ऐकून घरातला धर्मगुरू म्हणतो, पाहा, टीका म्हणजे शत्रूचे काम. हे चक्र ज्यू धर्माच्या वाट्याला आले नाही, कारण रब्बींकडे मारण्याची सत्ता नव्हती. तोरात देवनिंदेला दगडांनी ठेचण्याची शिक्षा आहे. रब्बींनी तिच्यावर इतक्या अटी लादल्या, की ती व्यवहारात जवळजवळ अशक्य झाली. सत्ताहीनतेने धर्म मवाळ होतो असा नियम मी मांडत नाही. पण सत्ता नसेल, तर मतभेदाला जागा राहते एवढे नक्की.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल, की हे सगळे इस्लामला सवलत देणे झाले. आज धर्माच्या नावाने माणसे मारतात कोण? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गुळमुळीत देऊ नये. धर्मनिंदेच्या कायद्यांवर आणि मारेकऱ्यांच्या समर्थनार्थ दिल्या जाणाऱ्या वचनांवर जोरदार टीका झालीच पाहिजे. भीतीमुळे टीका दबते हेही खरे. कादंबरीकार सलमान रश्दी यांच्यावर १९८९ साली निघालेल्या फतव्याचा सुरा तेहतीस वर्षांनी, २०२२ साली, त्यांच्यापर्यंत पोहोचला. पण या भीतीचे पहिले बळी कोण? बांगलादेशात, इजिप्तमध्ये, पाकिस्तानात मारले गेलेले लेखक आणि राजकारणी बहुतेक मुस्लिम समाजातलेच. साऱ्या मुसलमानांना एकाच वचनाचे गुलाम ठरवणारी टीका या माणसांचे अस्तित्वच नाकारते, आणि त्यांच्या मारेकऱ्यांचे म्हणणे कबूल करते : खरा मुसलमान आम्हीच.

दुसरा आक्षेप दुटप्पीपणाचा. फ्रान्समध्ये पैगंबरांची थट्टा चालते आणि ज्यूंचा संहार झालाच नाही असे म्हणणे मात्र १९९०च्या कायद्याने गुन्हा, हे कसे? २००६ साली इराणमधल्या एका दैनिकाने पैगंबरांवरच्या डॅनिश व्यंगचित्रांना उत्तर म्हणून ज्यूसंहारावर व्यंगचित्रस्पर्धा भरवली, ती याच तर्काने. पण जोड चुकीची आहे. पैगंबरांची थट्टा ही श्रद्धेची थट्टा; संहार नाकारणे म्हणजे मारल्या गेलेल्या माणसांना खोटारडे ठरवणे. पैगंबरांच्या थट्टेची खरी जोड मोझेसच्या थट्टेशी लागते, आणि मोझेसची, रब्बींची थट्टा फ्रेंच कायद्याने मोकळी आहे. २००७ साली पॅरिसच्या न्यायालयाने पैगंबरांच्या व्यंगचित्रांच्या खटल्यात 'शार्ली एब्दो'ला सोडले ते याच भेदावर. तरी आक्षेपात तथ्य आहे : फरक नियमात मांडलेला असतो, अंमलात तो घसरतो. जर्मनीत ज्यू खाटकांना भूल न देता जनावर कापण्याची सूट मिळत असे, पण १९९५ साली तिथल्या प्रशासकीय न्यायालयाने मुसलमानांना ती नाकारली, कारण त्यांच्या धर्मात तशी सक्ती नाही, असे न्यायाधीशांनीच ठरवले. मुसलमानांना त्यांचा धर्म सरकारने शिकवण्याचा हा प्रकार घटना न्यायालयाने २००२ साली मोडीत काढला.

आपल्याकडचा कायदा आणि एक चळवळ

भारतात टीका आणि द्वेष यांतला भेद कायद्यात उतरला तो एका चिथावणीखोर पुस्तिकेमुळे. १९२०च्या दशकात लाहोरला पैगंबरांच्या खासगी जीवनावर 'रंगीला रसूल' ही पुस्तिका निघाली. १९२७ साली उच्च न्यायालयाने प्रकाशकाला सोडले, कारण मृत धर्मसंस्थापकावरची टीका तेव्हाच्या कलमात बसत नव्हती. त्याच वर्षी सरकारने २९५-अ हे कलम आणले. आज ते भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने आहे. निकालानंतर दोन वर्षांनी प्रकाशकाचा खून झाला. हे कलम कोणत्याही धर्मावरच्या टीकेला बंदी घालत नाही. हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेल्या अपमानाला घालते. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने इस्लामविरोधी एका पुस्तकावरची बंदी कायम केली, पण इस्लामसह कोणत्याही धर्मावर टीका करता येते असे निकालात स्पष्ट म्हटले; त्या लेखकाचा रोख मुसलमान समाजाविरुद्ध द्वेष चेतवण्यावर होता, म्हणून बंदी. व्यवहारात पोलीस हा भेद क्वचितच पाळतात, ही वेगळी गोष्ट.

टीका कशी करावी याचा नमुना मात्र न्यायालयाबाहेर, चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या हमीद दलवाईंनी घालून दिला. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंची भाषा मवाळ नव्हती, मुसलमान समाजाने त्यांना फार सहन केले असेही नाही. पण त्यांच्या टीकेत मुसलमान माणूस बदलू शकतो हे गृहीत होते. हिंदुत्ववाद्यांनी त्यांची वाक्ये उचलली तेव्हा नेमके हे गृहीतक गाळून उचलली.

ज्या प्रश्नावर तो मोर्चा निघाला, त्याचाही ज्यू जुळा भाऊ आहे. हलाखाप्रमाणे घटस्फोट नवऱ्याने 'गेट' हे पत्र स्वखुशीने दिल्यावरच होतो. त्याने ते अडवले तर बायको अडकून पडते, तिला पुन्हा लग्न करता येत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी जर्मनीतले रब्बी गेर्शोम यांनी बायकोच्या संमतीशिवाय काडीमोड देण्याला बंदी घातली. बाईच्या हाती स्वतःहून सुटण्याचा हक्क मात्र आला नाही. इस्रायलने १९९५ साली अडेलतट्टू नवऱ्याचा वाहन परवाना रोखण्यापासून त्याला तुरुंगात टाकण्यापर्यंतचे अधिकार धर्मन्यायालयांना दिले. ज्यू स्त्रियांच्या संघटना गेटच्या या नियमाविरुद्ध अजून लढत आहेत आणि त्यांची टीका दलवाईंइतकीच तिखट आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमात दिलेला तोंडी तलाक अवैध ठरवला. इस्रायलमधल्या ज्यू स्त्रीला आजही नवऱ्याने पत्र दिल्याशिवाय घटस्फोट मिळत नाही.